रजेच्या जागेवरचा शिक्षक : पात्रता, आदेश आणि पहिला आठवडा

वर्गशिक्षिका प्रसूती रजेवर जातात, गणिताचे सर सत्राच्या मध्येच निवृत्त होतात, कुणाची शस्त्रक्रिया होते. वर्ग मात्र दुसऱ्या दिवशीही भरायचाच असतो. अशा जागेवर काही आठवडे किंवा महिने काम करणाऱ्या शिक्षकांबद्दल, आणि तसं काम करू इच्छिणाऱ्यांकडून, बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांपुरती आहेत.

प्रश्न : माझं बी.ए., बी.एड. झालं आहे. जवळच्या खासगी शाळेत तिसरीच्या बाई सहा महिन्यांच्या रजेवर जात आहेत. मला ती जागा मिळू शकेल का?

तिसरीसाठी बी.एड. चालत नाही. जागा सहा महिन्यांची असो वा कायमची, पात्रता इयत्तेप्रमाणे ठरते. ‘थोड्याच दिवसांचं काम आहे, कोण बघतंय’ हा विचार इथे सगळ्यात महाग पडतो.

इयत्ता पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने ठरवली. पहिली ते पाचवीसाठी बारावीला किमान ५० टक्के गुण आणि दोन वर्षांची शिक्षणशास्त्र पदविका लागते. हीच पूर्वीची डी.एड. आणि आताची डी.एल.एड. होय. बारावीचे गुण कमी असतील, पण पदवी आणि ही पदविका दोन्ही असतील, तर तीही वाट आहे. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डी.एल.एड., किंवा पदवीला ५० टक्के गुण आणि बी.एड. हवं. राखीव प्रवर्गांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. नववी-दहावीसाठी त्या विषयातली पदवी ५० टक्क्यांनी आणि बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी आणि बी.एड.

बी.एड.धारकांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं. अट एवढीच होती, की नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायचा. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला निकाल दिला, की प्राथमिकसाठी बी.एड. ही अर्हता धरता येणार नाही. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण डी.एल.एड.मध्ये मिळतं, बी.एड.ची आखणी मोठ्या वर्गांसाठी असते, असं त्यामागचं कारण आहे. त्या तारखेआधी नियमितपणे नेमले गेलेल्यांना नंतर संरक्षण मिळालं. नव्या नेमणुकीला ते लागू नाही.

त्यामुळे तुम्ही त्याच शाळेत सहावी ते आठवीच्या किंवा नववी-दहावीच्या जागेसाठी अर्ज ठेवून द्या. अर्जावर ‘शिक्षक पदासाठी’ एवढंच मोघम लिहू नका. इयत्तांचा गट, विषय आणि माध्यम लिहा. मुख्याध्यापकांना ऐनवेळी माणूस हवा असतो तेव्हा असा अर्ज आधी हाताला लागतो.

आणखी एक. ४९.८ टक्के म्हणजे ५० नव्हेत. गुणपत्रिकेवर श्रेणी किंवा सीजीपीए असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र आधीच आणून ठेवा. ते मिळायला वेळ लागतो, आणि रजेची जागा तेवढा वेळ थांबत नाही.

प्रश्न : पाच-सहा महिन्यांच्या जागेसाठीही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते का?

पहिली ते आठवीसाठी टीईटी हा किमान अर्हतेचाच भाग आहे. ती वेगळी, नंतर पूर्ण करायची अट नव्हे. १९७७ च्या खासगी शाळा कायद्याच्या कलम ५(५) मध्ये तात्पुरती रिक्त जागासुद्धा ‘अर्हताप्राप्त’ व्यक्तीनेच भरायची असं म्हटलं आहे. म्हणून सरळ उत्तर : होय, लागते. नववी ते बारावीसाठी सध्या टीईटीची अट नाही.

राज्याची टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. दोन्ही पेपर १५० प्रश्नांचे, १५० गुणांचे, वेळ अडीच तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण आहेत. पेपर दोनमध्ये पहिले तीन घटक तेच, आणि उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांतल्या एकाला. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. केंद्राची सीटीईटीही चालते. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये रद्द झाली आणि ते आजन्म वैध झालं. त्यामुळे जुनं प्रमाणपत्र कपाटात असेल तर ते आजही कामाचं आहे.

पेपर एकवाल्यांना सहावी-सातवीचा वर्ग देणं ही शाळांमध्ये नेहमी होणारी गल्लत आहे. पूर्वी चौथीपर्यंत प्राथमिक आणि पाचवीपासून माध्यमिक अशी रचना होती. तिची सवय अजून गेलेली नाही. तुमचा पेपर कुठला आणि दिलेला वर्ग कुठला, हे स्वतः पडताळा.

२०१९ च्या टीईटीत झालेल्या गैरप्रकारांमुळे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल परीक्षा परिषदेने २०२२ मध्ये रद्द केले. तेव्हापासून प्रमाणपत्राची पडताळणी कडक झाली आहे. मूळ प्रमाणपत्र आणि बैठक क्रमांक जपून ठेवा.

ज्यांची नोकरी आधीपासून चालू आहे अशा शिक्षकांचेही याच विषयावर प्रश्न आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात म्हटलं आहे, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांना हे लागू आहे का, हा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला आहे.

प्रश्न : रजा मुदतीतील, तासिका तत्त्वावरील, कंत्राटी, शिक्षण सेवक हे सगळे एकच का?

नाहीत. त्यांतला फरक कळला नाही तर हक्काचं काय आणि कृपेचं काय हेच समजत नाही.

रजा मुदतीतील शिक्षक हा एका ठरावीक व्यक्तीच्या जागेवर, ती परत येईपर्यंत असतो. त्याच्याकडे पूर्ण कामाचा भार असतो : वर्ग, हजेरी, मूल्यमापन, पालकसभा. प्रसूती रजा १८० दिवसांची असते, म्हणून अशा जागा बहुधा सहा महिन्यांच्या निघतात. मूळ शिक्षिकेने रजा वाढवली तर तुमची मुदत आपोआप वाढत नाही. नवा आदेश लागतो.

तासिका तत्त्वावर नेमलेल्याला प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचं मानधन मिळतं. आठवड्याला १२ तासिका असतील तर चार आठवड्यांत ४८ होतात. दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवडे गेले की त्या महिन्यात २४. परीक्षेचे दिवस, स्नेहसंमेलन, अचानक जाहीर झालेली सुट्टी, सगळं यातून वजा. घरखर्च याच पगारावर असेल तर वर्षाचा हिशेब दहा महिन्यांवरही नाही, प्रत्यक्ष अध्यापनाच्या आठवड्यांवर करा.

कंत्राटी नेमणूक ठरावीक एकत्रित मानधनावर आणि शासनाच्या त्या त्या वेळच्या निर्णयानुसार होते. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर नियमित भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपयांवर, वयाच्या ७० वर्षांपर्यंत, घेण्याचा निर्णय झाला होता. असे निर्णय बदलतात आणि रद्दही होतात. अर्ज करताना ज्या निर्णयाचा हवाला दिला आहे तो आजही लागू आहे का, हे शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा.

शिक्षण सेवक मात्र तात्पुरता बदली शिक्षक नव्हे. ती कायम पदावरच्या नोकरीची पहिली तीन वर्षं असतात. १ जानेवारी २०२३ पासून त्यांचं मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. ही भरती राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, म्हणजे पवित्र पोर्टलवरून, आणि शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या, म्हणजे टेटच्या, गुणांवर होते. ती २०० प्रश्नांची, दोन तासांची. टीईटी आणि टेट या नावांत लोक इतके अडकतात की एकीचा निकाल दाखवून दुसरीची पात्रता सांगतात. टीईटी पात्र ठरवते, टेट गुणवत्ता यादीत क्रम लावते.

यांखेरीज सहावी ते आठवीत १०० हून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळांत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे. चित्रकला किंवा क्रीडा शिक्षणाची पदविका असलेल्यांनी तिकडेही लक्ष ठेवावं.

प्रश्न : मुलाखतीला जाताना कोणती कागदपत्रं न्यायची? दरवेळी काहीतरी राहून जातं.

एक फाइल कायमची तयार ठेवा : दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर, डी.एल.एड. किंवा बी.एड. यांच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, टीईटीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, चार फोटो, जात प्रमाणपत्र आणि वैधता असल्यास ते, आधीच्या शाळांची अनुभव प्रमाणपत्रं. मूळ कागद एका पाकिटात आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच वेगळे. मूळ कागद दाखवायचे, शाळेत ठेवून यायचे नाहीत. ‘आदेश तयार होईपर्यंत राहू द्या’ असं कुणी म्हटलं तरी नाही.

राहून जातात ते तीन कागद. पहिला, फक्त शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणलेली असते. टक्केवारी सर्व वर्षांवरून काढायची असते तिथे ती पुरत नाही. दुसरा, नावबदलाचा पुरावा. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, बी.एड.वर सासरचं आणि आधारवर तिसरंच काही, असं पुष्कळ जणींचं असतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडलेली असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. तिसरा, पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. ऑगस्ट २०२४ मध्ये विद्यार्थी सुरक्षेबाबत शासनाने जे निर्णय घेतले त्यांत शाळेत नेमल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पडताळणीवर भर आहे. अर्ज ऑनलाइन होतो, पण स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी होऊन कागद हातात यायला दिवस जातात. जागा निघण्याची वाट न पाहता तो अर्ज आजच करा.

प्रश्न : मुख्याध्यापकांनी फोनवर ‘उद्यापासून या’ म्हटलं. दोन महिने झाले, आदेश नाही, पगार रोखीत मिळतो. शाळा सोडा म्हटलं तर काय?

तुमच्या हातात आज काहीही नाही, आणि हे स्पष्ट सांगणं आवश्यक आहे. तात्पुरत्या शिक्षकाचं सगळं संरक्षण एका कागदावर उभं असतं. तो कागद म्हणजे नियुक्ती आदेश.

राज्यातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू आहे. तात्पुरती जागा भरतानाही आदेश विहित नमुन्यात द्यायचा आणि त्यात नेमणुकीचा कालावधी लिहायचा, असं या कायद्यातच आहे. आदेशात पुढच्या गोष्टी आहेत का पाहा : पदाचं नाव आणि विषय, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, वेतन किंवा मानधनाची रक्कम, नेमणूक तात्पुरती असल्याचा उल्लेख, आणि संस्थेच्या अधिकाऱ्याची सही, शिक्का व जावक क्रमांक. ‘अमुक शिक्षिकांच्या प्रसूती रजेच्या कालावधीपुरती’ असं कारण लिहून घेतलं तर अधिक चांगलं. नुसतं ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असेल तर मुदत लिहून मागा.

आदेश मिळाला की त्याच दिवशी रुजू अहवाल दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. मस्टरवर रोज तुमच्याच नावापुढे सही करा. नाव मस्टरवर नसेल तर तुम्ही त्या शाळेत शिकवलंत हे पुढे सिद्ध करणं फार अवघड जातं.

काम कधी थांबतं? आदेशातली मुदत संपली की नेमणूक संपते, त्यासाठी वेगळी नोटीस लागत नाही. मुदतीच्या आत काढायचं असेल तर नियम २८(१) प्रमाणे एका कॅलेंडर महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. ज्यांना सुट्टीचा लाभ आहे त्यांना ही नोटीस सुट्टीत देता येत नाही. नोटिशीच्या काळात सुट्टीचा कोणताही भाग येता कामा नये, आणि सुट्टी संपल्यावर एक महिना होईपर्यंतही ती देता येत नाही. एप्रिलअखेर ‘मेपासून येऊ नका’ असं सांगण्याचा प्रकार सर्रास होतो. नियमाला तो धरून आहे का, हे तुमच्या आदेशातल्या तारखेवरून ठरेल. नियमबाह्यपणे काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, पण आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. संस्थाचालकांशी बोलणी करण्यात महिना निघून जातो आणि मग वकिलाकडे धाव घेतली जाते. बोलणी जरूर करा, तारीख मात्र डोळ्यांसमोर ठेवा.

तुमच्या बाबतीत आता करायचं ते असं : मुख्याध्यापकांना नम्र शब्दांत लेखी अर्ज द्या. ‘अमुक तारखेपासून मी अमुक वर्गांना अमुक विषय शिकवत आहे, नियुक्ती आदेश मिळावा आणि मानधन बँक खात्यात जमा व्हावं’ एवढंच लिहा आणि पोच घ्या. खात्यात रक्कम येऊ लागली की तो स्वतःच एक पुरावा होतो. काही संस्था मानधनातून आयकर कापतात. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते का हे तपासा. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती परत मिळते, आणि कापलेले पैसे अनेक जण मागतच नाहीत.

प्रश्न : संस्था म्हणते, ‘दोन वर्षं रजेच्या जागेवर काम करा, काही रक्कम भरा, मग कायम करू.’ विश्वास ठेवावा का?

नाही. रजेच्या जागेवर कितीही वर्षं काम केलं तरी ती नेमणूक त्या कारणाने कायम होत नाही. जागा दुसऱ्याच्या मालकीची असते. अनुदानित शाळेत कायम पदावर येण्यासाठी मंजूर रिक्त पद, बिंदुनामावलीतलं, म्हणजे आरक्षणाच्या क्रमातलं, स्थान, पवित्र पोर्टलवरून निवड, मग शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शेवटी पगाराच्या शालार्थ प्रणालीत नोंद, एवढ्या पायऱ्या असतात. यांतली एकही संस्थाचालकाच्या शब्दाने ओलांडता येत नाही. मागच्या तारखेचे आदेश करून दिलेल्या मान्यता चौकशीत रद्द होतात, पगार वसूल होतो, आणि गुन्हा नोंदला गेला तर त्यात नेमणूक घेणाऱ्याचंही नाव असतं. घर गहाण ठेवून असे पैसे भरणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या वाट्याला नोकरी येत नाही, कर्ज तेवढं राहतं. तेच पैसे आणि तीच दोन वर्षं टेटच्या तयारीला द्या.

प्रश्न : आमच्या वस्तीवरच्या शाळेतले शिक्षक शहरातून येतात. ते म्हणतात, ‘माझ्याऐवजी तू शिकव, मी दरमहा पैसे देईन.’ मी बारावी आहे, मुलांना मी चांगलं शिकवते. यात चूक काय?

तुम्ही मुलांना मनापासून शिकवत असाल, त्याबद्दल शंका नाही. तरीही हे काम घेऊ नका. ही नेमणूक नाही. शासनाचा पगार एकाने घ्यायचा आणि काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं, हे गैरवर्तन आहे आणि तपासणीत सापडल्यास त्या शिक्षकावर कारवाई होते. तुम्हाला अनुभव प्रमाणपत्र मिळणार नाही. शाळेच्या वेळेत एखाद्या मुलाला अपघात झाला तर ‘तुम्ही तिथे कोणत्या नात्याने होता’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल. आणि वस्तीवरच्या मुलांना प्रशिक्षित शिक्षक मिळण्याचा जो हक्क कायद्याने आहे, तो यात कायमचा बाजूला पडतो.

शिकवायची इच्छा आहे तर सरळ मार्ग आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीच्या ठरावाने आणि मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने तुम्ही वाचनाच्या तासाला किंवा परिपाठाला स्वयंसेवक म्हणून मदत करू शकता, शिक्षक वर्गात हजर असताना. बारावीला ५० टक्के असतील तर डी.एल.एड.ला प्रवेश घ्या. दोन वर्षांनी तोच वर्ग तुमच्या हक्काचा होऊ शकतो.

प्रश्न : वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवण्यासाठी बी.एड. हवं का?

नको. तिथे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के, आणि नेट (राष्ट्रीय पात्रता चाचणी) किंवा सेट (राज्य पात्रता चाचणी) ही किमान पात्रता आहे. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पीएच.डी.धारकांना नेट-सेटमधून सूट मिळू शकते. जाहिराती बहुधा जून-जुलैत निघतात आणि नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती असते, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले होते, पण राज्यातल्या महाविद्यालयांत राज्य शासनाचा दर चालतो. मुलाखतीतच दर, आठवड्याच्या तासिका आणि मानधन किती महिन्यांनी निघतं हे विचारा. बिलं विद्यापीठ आणि सहसंचालक कार्यालय यांच्यामध्ये फिरतात तेव्हा पैसे सत्र संपल्यावर मिळतात. घेतलेल्या प्रत्येक तासाची तारीख, वर्ग आणि विषय स्वतःच्या वहीत लिहून ठेवा आणि महिनाअखेरीला विभागप्रमुखांची सही घ्या.

प्रश्न : आदेश हातात आहे, सोमवारपासून सातवीवर जायचं आहे. मूळ बाई भेटणार नाहीत. सुरुवात कशी करू?

शुक्रवारी किंवा शनिवारी शाळेत तासभर जाऊन या. पर्यवेक्षकांकडून वेळापत्रक, विद्यार्थ्यांची यादी, वार्षिक आणि घटक नियोजन, पाठ टाचण वही आणि मागच्या घटक चाचणीचे गुण घ्या. नियोजनात ‘झालं’ अशी खूण असलेला पाठ वर्गात खरंच झाला का, हे दोन हुशार मुलांच्या नव्हे, तर मधल्या बाकावरच्या चार मुलांच्या वह्या पाहून ठरवा. वहीत जिथे लिखाण थांबलं तिथून तुमची सुरुवात. बदली शिक्षकांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे पुस्तकात ज्या पानावर खूण आहे तिथून लगेच पुढे जाणं. आठवड्याने लक्षात येतं की निम्म्या वर्गाला आधीचंच कळलेलं नाही.

यादीबरोबर तीन गोष्टी आवर्जून विचारा : कुणाला फिट्स, दमा, ॲलर्जी असं काही आहे का, विशेष गरजा असलेली मुलं कोण आणि त्यांना कोणती सवलत द्यायची, आणि सुटल्यावर कुणाला कोण न्यायला येतं. तुम्ही कुणालाच ओळखत नाही, त्यामुळे ‘मी काका आहे’ म्हणणाऱ्याच्या हाती मूल देण्याचा धोका पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जास्त असतो. खात्री नसेल तर मुलाला कार्यालयात थांबवा.

पहिल्या तासाला बैठकीचा आराखडा काढा, बाकावर कोण बसतं ते नावानिशी. जागा बदलून बसणं आणि एकमेकांच्या नावाने ‘हजर’ म्हणणं हे सातवीत होणारच. आराखडा हातात असेल तर नावाने हाक मारता येते, आणि नावाने हाक मारली की अर्धा गोंगाट तिथेच थांबतो. ३५ मिनिटांचा तास असेल तर हजेरी आणि मागची उजळणी ७ मिनिटं, नवा भाग १५, मुलांनी स्वतः लिहिण्या-सोडवण्याचं काम १० आणि वह्यांवरून नजर ३ मिनिटं, अशी विभागणी पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते. नवीन शिक्षक २५ मिनिटं बोलतो आणि दंगा शेवटच्या दहा मिनिटांत होतो, कारण मुलांच्या हाताला काम नसतं.

प्रत्येक विषयाचा एक स्वयंपूर्ण पाठ जवळ ठेवा, जो कुठल्याही दिवशी घेता येईल आणि मागच्या-पुढच्या धड्यावर अवलंबून नसेल : भाषेसाठी एक अपरिचित उतारा व पाच प्रश्न, गणितासाठी अपूर्णांकांची उजळणी, भूगोलासाठी नकाशावाचन. ऐनवेळी दुसऱ्या वर्गाचा ऑफ तास तुमच्याकडे येणार, तेव्हा तो कामी येतो.

वर्गाचे चालत आलेले नियम बदलू नका. मूळ बाईंची शिकवण्याची पद्धत पटली नाही तरी मुलांसमोर त्यावर बोलू नका. मारणं, उठाबशा काढायला लावणं, अपमान करणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्ध आहे आणि तात्पुरत्या शिक्षकाला त्यातून सूट नाही. एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं, तर ‘मी तर पाहुणी’ म्हणून गप्प बसता येत नाही. पॉक्सो कायद्याने माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे आणि न देणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना लगेच सांगा, पण पुढे तक्रार गेली याची खात्री स्वतः करा.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी तुम्ही केल्या असतील तर त्यांखाली तुमची सही आणि तारीख घाला. मूळ बाईंच्या नावाने सही कधीच करू नका, त्यांनी सांगितलं तरी. शिल्लक उत्तरपत्रिका मोजून, सही घेऊन ताब्यात घ्या आणि तशाच परत द्या.

प्रश्न : तात्पुरता असताना घरी शिकवणी घेतली तर चालते का?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणीस मनाई करतं, आणि त्यात कायम-तात्पुरता असा भेद नाही. नेमणूक असेपर्यंत शिकवणी बंद ठेवा. निदान त्याच शाळेतल्या मुलांची शिकवणी घेऊन गुणांबद्दल संशयाला जागा तरी देऊ नका.

प्रश्न : या अनुभवाचा पवित्र पोर्टलवर फायदा होतो का?

गुणवत्ता यादी टेटच्या गुणांवर लागते, अनुभवाला तिथे गुण नाहीत. मात्र स्वयंअर्थसहाय्यित आणि इतर मंडळांच्या शाळा मुलाखतीत अनुभव विचारतात. म्हणून शेवटच्या दिवशी वह्या, नोंदी आणि उत्तरपत्रिका परत दिल्याची पोच घ्या आणि त्याच भेटीत अनुभव प्रमाणपत्र मागा. त्यावर आदेशाचा क्रमांक, रुजू झाल्याची व कार्यमुक्त झाल्याची तारीख, इयत्ता, विषय आणि माध्यम असू द्या. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीच्या कागदाचा पुढच्या शाळेत उपयोग होत नाही. मुख्याध्यापक बदलल्यावर तेच प्रमाणपत्र मिळवायला महिनोन्महिने खेटे घालावे लागतात.